दुपट्ट्याखालचा भाव

स्वतःच्या पुस्तकाची किंमत विचारली की ज्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात असा लेखक सबंध महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझा व्याही आहे. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला 'तुमचं बोलणं मला समजलं नाही' असं म्हणायची आमच्यात रीत नाही. त्यामुळे इवाईंनी पुस्तक लिहिल्यापासून त्यांच्या विक्रीच्या सगळ्या उद्योगात मी त्यांच्या शेजारी उभा राहून मान डोलावत आलो आहे. काय चाललं आहे ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि आज लिहायला बसलो तरी पुरतं कळलेलं नाही. मी जन्मभर बुलढाण्यात कारकुनी केली. कचेरीत टाचण्यांच्या डबीपासून लोखंडी कपाटापर्यंत प्रत्येक वस्तूचा दर कुठेतरी लिहून ठेवलेला असतो आणि तो बघून पुढचं काम करायचं असतं. अशा माणसाला उतारवयात हे इवाई मिळाले, याला नशीब म्हणायचं की आणखी काही, यावर माझं आणि माझ्या बायकोचं अजून एकमत झालेलं नाही.

इवाई देऊळघाटचे. काळी कसदार जमीन, विहिरीला पाणी, घरात खाऊन पिऊन सुख. सत्तरीच्या पुढे गेले तरी चालताना मी मागे पडतो. खांद्यावर बारा महिने दुपट्टा, म्हणजे उपरणं. त्यांना माणसं कळतात, पण बैलाच्या वाटेने कळतात. लग्न ठरवायला पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, मुलीचं शिक्षण विचारलं नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन येत होतो, तर माझ्या पायांकडे टक लावून पाहत राहिले आणि म्हणाले, "डाव्या पायाले जुना मार आहे वाटते तुमच्या." खरंच होता. लहानपणी झाडावरून पडलो होतो, आणि ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नव्हती. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांची चाल एकेकदा पाहिली, समाधानाने मान हलवली आणि सोयरीक पक्की केली. आमच्याकडून कोणी होकार दिला होता की नाही, हे मला आजही नीट आठवत नाही.

पुढे जावयाने ट्रॅक्टर घेतला. इवाईंची शेवटची जोडी होती, त्यातला एक म्हातारा होऊन गेला आणि दुसरा विकला. गोठा रिकामा झाला. आता रिकाम्या गोठ्याचं माणूस काय करेल? कडबा ठेवेल, खताची पोती ठेवेल, फार तर गाडी लावेल. इवाई त्या गोठ्यात एक फळी मांडीवर घेऊन बसले आणि त्यांनी आयुष्यात ठेवलेल्या प्रत्येक बैलावर एकेक प्रकरण लिहून काढलं. पुस्तकाचं नाव 'गोठ्यातले मानकरी'. त्यात 'मास्तर' नावाचा बैल आहे. तो शाळेची घंटा ऐकली की नांगराच्या भर तासात उभा राहायचा आणि सुट्टी संपल्याची घंटा झाल्याशिवाय पाऊल उचलत नसे. 'वकील' आहे. त्याला एका बाजूला वळवलं की तो दुसऱ्या बाजूची मागणी करायचा आणि शेवटी स्वतःचंच खरं करायचा. एक हिरामण होता. त्याने इवाईंच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका खाल्ली होती, आणि त्या प्रकरणात पत्रिका कशी खाल्ली याला दोन पानं आहेत आणि लग्नाला अर्धी ओळ. विहीणबाईंनी हे प्रकरण माझ्या मुलीकडून वाचून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी भाकरी थापल्या, अन् पुस्तक निघालं बैलावर. माह्यं नाव आलं तं तेही बैलानं खाल्लं म्हून."

खरा गोंधळ सुरू झाला तो छापखान्यात. छापखानेवाला आमच्या बुलढाण्यातलाच, माझ्या ओळखीचा, सरळ माणूस. त्याने सगळं जुळवलं, मुखपृष्ठावर बैलाचं चित्र घातलं आणि शेवटी सहज विचारलं, "काका, किंमत काय टाकू?" इवाईंनी चहाचा कप खाली ठेवला. कान लाल. ते माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, त्यांना आकडा सुचत नसेल, म्हणून मी छापखानेवाल्याला म्हटलं की खर्च किती आला ते सांग, त्यावरून ठरवू. त्याने खर्च सांगितला, दुकानदाराचं कमिशन सांगितलं, साधारण खर्चाच्या किती पट किंमत ठेवतात तेही सांगितलं. इवाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बैलानं किती कडबा खाल्ला याच्यावर बैलाचा भाव ठरते काय?" छापखानेवाला म्हणाला, नाही. "मंग पुस्तकानं किती कागद खाल्ला याच्यावर पुस्तकाचा काऊन ठरावा? अन् दुसरं, भाव छापून टाकला तं मंग इकणारानं अन् घेणारानं बोलाचं काय?" छापखानेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. शेवटी पुस्तकावर 'किंमत' असा शब्द छापला गेला, पुढे दोन टिंबं, आणि त्याच्यापुढे मोकळी जागा. ती मोकळी जागा कशाने भरायची, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या घराचा प्रश्न झाला आहे.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर दुपट्टा टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. दाबलेलं एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. पण एक म्हणजे एक काय, शेकडा की हजार, ते बोलायचं नसतं, जनावराकडे बघून दोघांनी समजून घ्यायचं असतं. तोंडाने पाऊसपाणी, पोरांची लग्नं असं काहीही चालू असतं आणि खाली बोटं आपला हिशोब करत असतात. भोवती गर्दी असली तरी भाव तिसऱ्याला कळत नाही. यात सभ्यपणा आहे असं इवाई म्हणतात. घेणाऱ्याकडे कमी पैसे असले तर चारचौघांत त्याची शोभा होत नाही, विकणारा अडला असला तर तेही उघड होत नाही. इवाईंनी सगळी जिंदगी अशीच खरेदीविक्री केली. भाव मोठ्याने उच्चारणं म्हणजे त्यांच्या लेखी अंगावरचं धोतर रस्त्यात सोडण्यासारखं. हे सगळं मला मान्य आहे. फक्त ही रीत पुस्तकाला कशी लावायची, एवढंच मला कळत नव्हतं.

ते प्रकाशन समारंभात कळलं, म्हणजे आणखी कळेनासं झालं. बुलढाण्यात एका छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. पाहुणे म्हणून एक प्राध्यापक आले होते. त्यांनी छान भाषण केलं आणि शेवटी, मोठ्या मनाने, "पहिली प्रत मी विकत घेतो," असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. इवाई उठले, प्राध्यापकांजवळ गेले, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि त्यावर दुपट्टा टाकला. लोकांना वाटलं, सत्कार चालला आहे. परत टाळ्या पडल्या. दुपट्ट्याखाली काय चाललं होतं ते प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आधी ते हसले, मग दचकले, मग पुन्हा हसले, आणि सुटका होईना तेव्हा जोरजोरात मान हलवू लागले. इवाई म्हणत होते, "औंदा पाऊस बरा आहे नाही?" आणि प्राध्यापक म्हणत होते, "हो, हो, बरा आहे." सौदा झाला. इवाई परत येऊन माझ्या शेजारी बसले, अगदी तृप्त. चहाच्या वेळी प्राध्यापकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "अहो, मी नक्की किती कबूल केलं?" मी इवाईंना विचारायला गेलो तर ते दुखावले. "इवाई, तुमी शाहाणे मानूस. भाव तिसऱ्याले सांगतेत काय?" प्राध्यापकांनी बिचाऱ्यांनी अंदाजाने पाकीट दिलं. इवाईंनी ते घरी जाऊन उघडलं आणि त्यातली जास्तीची रक्कम दुसऱ्या दिवशी माझ्याकरवी परत पाठवली. आता प्राध्यापक मला रस्त्यात भेटले की त्यांच्या मनात काहीतरी प्रश्न असतो, पण ते विचारत नाहीत, आणि मीही थांबत नाही.

मी म्हटलं, चला, निदान एक प्रत तर खपली. इवाईंना ते मंजूर नव्हतं. "थो पाव्हणा होता. पाव्हण्यानं घेतलं म्हंजे मान राखला. थे इक्री नोहे." मग मला विक्रीची व्याख्या सांगितली. ओळखीच्या माणसाने घेतलं तर तो आहेर. नातेवाइकाने घेतलं तर तो आहेरच, वरून आपल्यावर उपकार. ज्याने आपलं तोंड कधी पाहिलं नाही, ज्याला आपलं नाव माहीत नाही, अशा माणसाने नुसती वस्तू पाहून घेतली, तरच ती विक्री. "घरच्या मान्साले सारंच गोड लागते, इवाई. माह्ये बैल मले मोठे आहेत, थे मले माहीत आहे. दुसऱ्या कोनाले आहेत का, थे पाह्याचं आहे. एक अनोळखी मानूस. जास्ती नाही. एकच." हे बोलताना त्यांचा आवाज जरा खाली आला. तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की हा माणूस धंदा करायला निघालेला नाही. त्यांना एक उत्तर हवं होतं, आणि ते मिळालं नाही तर गोठ्यात रचलेले पुस्तकांचे गठ्ठे त्यांना बघवणार नव्हते.

आता बुलढाणा जिल्ह्यात अनोळखी माणूस शोधणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी इवाईंबरोबर एकदा फिरावं. देऊळघाटात तर प्रश्नच नव्हता, तिथे कुत्रीसुद्धा त्यांना बघून शेपूट हलवतात. म्हणून आम्ही रोहिणखेडला गेलो. तिथल्या जुन्या मशिदीजवळ एका चहाच्या दुकानापाशी एक भला गृहस्थ भेटला. त्याने पुस्तक हातात घेतलं, पानं चाळली, मनापासून हसला, आणि त्याला दुपट्ट्याचीही रीत माहीत होती. हात दुपट्ट्याखाली गेले.  पण खाली बोटं चालली असताना वर काहीतरी बोलावं लागतं ना, तर इवाईंनी विचारलं, "गाव हेच काय?" त्याने "हाव" म्हणून मान हलवली. "अन् मामकुळ?" त्याने सांगितलं. "म्हंजे त्या अमक्याचे तुमी कोन?" त्याने तेही सांगितलं. मी दोन्ही घराणी ओळखत होतो, त्यामुळे पुढचं मला दिसायला लागलं. पाच मिनिटांत त्याच्या थोरल्या भावाची सासू इवाईंच्या चुलतमावशीची जाऊ निघाली. इवाईंनी दुपट्टा ओढून घेतला. "अरे, तुमी तं घरचेच!" पुस्तक त्याला फुकट मिळालं, वरून त्याच्या पोरांना शेवचिवडा मिळाला, आणि आम्ही दोघं ऊन झेलत एस.टी.ची वाट पाहत उभे राहिलो. मी फक्त एवढंच म्हणालो, "इवाई, पुढच्या वेळी गाव नका विचारू." ते म्हणाले, "नाव-गाव न इचारता वस्तू कशी द्यावी?" आणि मी पुन्हा गोंधळलो.

कारण त्यांची आणखी एक अट होती, आणि ती विचित्र होती. ते प्रत्येक घेणाऱ्याला विचारत, पुस्तक ठेवणार कुठे? ओल येते का? घरात वाचणारं कोण आहे? रद्दी किती दिवसांनी देता? एका शिक्षकाला त्यांनी एवढे प्रश्न विचारले की त्याने नाद सोडून दिला. माझ्या मुलीने मोबाईलवर पुस्तक विकायला टाकायचं ठरवलं, तर तिथेही किंमत भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. तिने सासऱ्यांना फोन दाखवला. इवाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "पोरी, याच्यात दुपट्टा घालाले जागा कोठी आहे? अन् घेनारा पुस्तक कोठी ठेवीन थे इचाराले जागा कोठी आहे?" प्रकरण तिथेच मिटलं.

त्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर मी, खरं सांगायचं तर पहिल्यांदाच, पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. शेवटचं प्रकरण भुऱ्यावर आहे. भुऱ्या म्हणजे शेवटच्या जोडीतला राहिलेला. ट्रॅक्टर आला, जोडीदार गेला, एकट्या बैलाचं काय करायचं म्हणून इवाई त्याला बाजारात घेऊन गेले. भाव मनासारखा आला, दुपट्ट्याखाली बोटं जुळली, पैसे हातात पडले. प्रकरण मोठं नाही. शेवटी लिहिलं आहे की भाव बरोबर होता, पण घेणाऱ्याचं गाव विचारायचं राहून गेलं. त्याच्यापुढे काहीच नाही. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात काही गेलं." त्या दिवसापासून इवाई लोकांना 'कुठे ठेवणार' म्हणून विचारायला लागले की मी मध्ये बोलत नाही.

शेवटी इवाईंनीच तोड काढली. जिथे आपल्याला कोणीही ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं, आणि गावाचं नाव मुळीच विचारायचं नाही. तशी जागा म्हणजे त्यांच्या मते सातपुड्याच्या पायथ्याचा संग्रामपूरकडचा भाग. आमचा घाट उतरून, मोताळा, नांदुरा मागे टाकून, एका गोणीत पुस्तकं बांधून आम्ही तिकडच्या गुरांच्या बाजारात पोचलो. कंडक्टरने गोणीत काय आहे विचारलं तर इवाई म्हणाले, "बैल आहेत." त्याने गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिकीट फाडून पुढे गेला. बाजारात बैलांच्या रांगांच्या कडेला बाभळीखाली आम्ही गोणपाट पसरलं आणि त्यावर पुस्तकं मांडली. लोक येत, मुखपृष्ठावरचा बैल बघून थांबत. एकाने विचारलं, जनावराच्या औषधाचं आहे का. दुसऱ्याने विचारलं, सरकारी अनुदानाचा फॉर्म याच्यातच भेटते का. तिसऱ्याने चित्रातल्या बैलाचे दात किती ते विचारलं आणि इवाईंनी ते खरोखर सांगितले. पण बैलावरचं नुसतं पुस्तक, ज्याच्यात रोग नाही, औषध नाही, योजना नाही, असं कशाला लिहायचं हे कोणालाच उमगेना. दुपार कलली. दलाल आवराआवर करू लागले. इवाईंनी पुस्तकांच्या कडा सारख्या केल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इवाई, माह्ये बैल मलेच मोठे होते वाट्टे." मला फार वाईट वाटलं.  मी पुस्तकांवरची धूळ पुसत बसलो.

तेवढ्यात एक बाई आमच्यापाशी येऊन थांबली. पन्नाशीची असेल, उन्हाने रापलेली, अंगावर धुवून विटलेलं लुगडं. तिचा नवरा पलीकडे दलालाजवळ पावती करत उभा होता. तिच्या हातात रिकामं दावं होतं. बैल विकला की दावं देत नाहीत आमच्याकडे, घरी परत नेतात. म्हणजे काय झालं होतं ते विचारायची गरज नव्हती.

"कायचं पुस्तक आहे भाऊ हे?"

"बैलायचं," इवाई म्हणाले.

"रोगायचं?"

"नाही माय. बैलायचं. आमच्या घरी होते त्यायचं."

ती तिथेच बसली. दावं मांडीवर ठेवलं आणि पुस्तक उघडून ओठ हलवत, अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागली. मास्तरचं प्रकरण होतं. बराच वेळ ती एकाच पानावर होती. मला वाटलं, अक्षरं जुळत नसतील, नुसती बघते आहे. आणि मग ती एकदम हसली, पदर तोंडावर घेऊन. "आमचाही असाच होता बापा. पान्याची मोटार बंद झाली का उभाच राह्ये." मग पुस्तक मिटलं आणि विचारलं, "केवढ्याले देता?"

इवाईंचा हात सवयीने खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. परक्या बाईचा हात दुपट्ट्याखाली कसा घेणार? सत्तर वर्षांत ही अडचण त्यांना कधी आली नव्हती, कारण गुरांच्या सौद्यात समोर नेहमी बापई माणूस असायचा. त्यांचे कान लाल झाले. मी पुढे होऊन म्हटलं, "इवाई, मी सांगू काय?" त्यांनी मानेने नको म्हटलं. मग ते काहीतरी पुटपुटले. जवळून एक गोऱ्हा घुंगरं वाजवत गेला, त्यात ते विरून गेलं.

"किती म्हनले?"

"शंभर!" इवाई ओरडले. "शंभर रुपये!"

पलीकडचे दोन दलाल मान वळवून बघायला लागले. इवाई घामाने डबडबले होते. बाईने घासाघीस केली नाही. कमरेच्या पिशवीतून नोट काढून त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा पुस्तकाची पानं उलटत शेवटपर्यंत गेली. शेवटी दोन-तीन पानं कोरी होती, छापखान्यात राहतात तशी.

"हे कोरं काऊन सोडलं?"

"छापखानेवाल्यानं सोडलं माय. मले नाही माहीत."

"मंग याच्यात आमच्या बादशाचं लिहून द्या ना," ती म्हणाली. "थोडंसंकच. आज गेला थो. घरी पोट्टे इचारतीन."

इवाईंनी माझ्याकडून पेन घेतलं. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. उजवं शिंग आत वळलेलं. मानेवर पांढरा ठिपका. तिच्याच हातची पेंड खायचा, नवऱ्याच्या हातची नाही. पावसाळ्यात ओढ्याला पूर होता तेव्हा गाडीसकट पार झाला होता. इवाई मध्ये एकदा थांबले, "मांगच्या पायानं मारे काय?" असं विचारलं. ती म्हणाली, "कधीच नाही." तेही त्यांनी लिहिलं. दोन कोरी पानं भरली. पलीकडून नवऱ्याने हाक मारली. बाईने पुस्तक पदरात घेतलं, दावं हातात घेतलं आणि निघून गेली. तिने लेखकाचं नाव विचारलं नाही. इवाईंनी तिचं गाव विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मला आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, "झाली ना इवाई विक्री! अनोळखी मानूस, वस्तू पाहून घेतली, वाचून घेतली!" ते "हाव" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. नांदुरा गेलं, मोताळा गेलं. मला कळेना, एवढं मनासारखं झालं आणि हा माणूस असा का बसला आहे. गाडी घाट चढायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "इवाई, शंभर जास्ती तं नाही झाले?"

"छे! छापायलाच त्याच्या जवळपास गेले तुमचे."

"तसं नाही म्हनत मी. तिचा बैल गेल्ता आज. अशा दिसी तिच्याजवळून एक रुपयाही घ्यालेच नोता पाह्यजे." मग दुपट्ट्याने तोंड पुसलं. "पन नसता घेतला, तं मंग थे इक्री झाली नसती. मले थेही पाह्यजे होतं. सांगा बरं, मी काय कराले पाह्यजे होतं?"

मी सवयीने मान डोलावली, आणि घाट संपून बुलढाण्याचे दिवे दिसायला लागले.